झेपेल तेवढ्यालाच हो म्हणा

तुम्ही एखादी मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररी सांभाळत असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. नोकरी करून, जेवणं आटोपल्यावर तुम्ही हे काम करता. पैसे मिळत नाहीत. तरी कुणीतरी येतं नि म्हणतं, 'आमच्या जुन्या विंडोजवर चालत नाही, तेवढं बघा ना.' तुम्ही भिडेखातर हो म्हणता.

तो हो जपून म्हणा. एक प्लॅटफॉर्म पत्करला की तो दर आवृत्तीला तुमची वाट अडवून उभा राहतो. तिथे बिल्ड करा, चाचण्या चालवा, मोडलं की तुम्हीच निस्तरा.

आधी एवढं करा. तुमच्या चाचण्या आज आपोआप कुठे चालतात, ते लिहून काढा. सार्वजनिक प्रकल्पांना लिनक्स, विंडोज आणि मॅकओएसवर चाचण्या चालवायची सोय गिटहब फुकट देतं. जिथे चाचणी चालते, तिथलीच हमी द्या. बाकीच्यांपुढे लिहा, 'चालेल बहुधा, आम्ही तपासलेलं नाही.'

यात कमीपणा नाही. पायथॉनसुद्धा प्लॅटफॉर्मचे तीन स्तर करतो. पहिल्या स्तरावर मोडलं तर नवी आवृत्ती अडते. तिसऱ्यासाठी निदान एका मुख्य डेव्हलपरने जबाबदारी घ्यावी लागते, पण तिथे मोडलं म्हणून कुणी थांबत नाही. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला सगळं झेपत नाही, तर तुम्हाला कुठून झेपणार?

आता फेब्रुवारी 2021 मधली गोष्ट ऐका. पायथॉनच्या 'क्रिप्टोग्राफी' लायब्ररीची 3.4 आवृत्ती आली. सुरक्षेसाठी तिच्यात रस्ट भाषा आणायला सुरुवात झाली होती. कारण रास्त होतं. सी भाषेत मेमरीच्या ज्या चुका सहज होतात, त्यातल्या बऱ्याच रस्ट होऊच देत नाही. ज्यांना तयार पॅकेज मिळत होतं, त्यांना फरकही कळला नाही. पण अल्पाइन लिनक्सवर तेव्हा तयार पॅकेज नव्हतं. तिथे लायब्ररी जागेवरच बिल्ड व्हायची, आणि रस्टचा कंपायलर नसल्याने ती अडली. कालपर्यंत चालणारे डॉकर बिल्ड सकाळी उठून बघावं तर बंद. अल्फा, एम68के असल्या जुन्या प्रोसेसरवाल्यांची अडचण आणखी मोठी. त्यांच्यासाठी तेव्हा रस्टच नव्हती.

माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर होता. जुन्या प्रोसेसरच्या हौसेसाठी बाकी सगळ्यांची सुरक्षा अडवून धरणं योग्य नाही. पण अल्पाइनवाले हौशी नव्हते, कामाची माणसं होती. ज्यांचं सुरळीत चाललेलं असतं, ते कधी पत्र लिहीत नाहीत. म्हणून 'कुणी मागितलं नाही' याचा अर्थ 'कुणी वापरत नाही' असा घेऊ नका.

उबंटूलाही हे 2019 मध्ये कळलं. 32-बिट पॅकेजं बंद करतो म्हणाले. स्टीमवर खेळणारे आणि वाइन वापरणारे ओरडले. काही दिवसांतच निवडक पॅकेजं ठेवायचं ठरलं.

काही काढायचंच असेल, तर एक आवृत्ती आधी सांगा. बिल्ड करतानाच इशारा दिसू द्या. कुठल्या कोपऱ्यातली सूचना कुणी वाचत नाही. शेवटची चालणारी आवृत्ती कोणती, ते ठळक लिहा आणि ती काढून टाकू नका. मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 चा सर्वसाधारण आधार 14 जानेवारी 2020 ला थांबवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेली पायथॉन 3.9 त्यावर चालत नाही. पण 3.8 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या 2024 पर्यंत मिळाल्या. लोकांना सावरायला वेळ मिळाला.

आणि मागणारा आला की हात झटकू नका. त्याला विचारा, 'चाचणीला यंत्र द्याल का? मोडलं तर तुम्ही बघाल का?' एखादी कंपनी मागत असेल तर हे विचारताना अजिबात संकोचू नका. माणूस किंवा पैसा, काहीतरी तिने द्यायलाच हवं. कुणी पुढे आलं तर आनंदाने त्याचं नाव त्या प्लॅटफॉर्मपुढे लिहा. तो गेला आणि दुसरा मिळाला नाही, तर पुढच्या आवृत्तीत तो प्लॅटफॉर्म खालच्या स्तरावर न्या.

कुठल्या प्लॅटफॉर्मची हमी देता, ती यादी या आठवड्यातच लिहा. पानभर पुरे.