आपल्यात हा कॅन्सर होत नाही?

गेल्या मलिद्याच्या वेळी एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीचं पत्र आलंय. पण आपल्या लोकांत हा कॅन्सर होत नाही ना?" हा समज मी लहानपणापासून ऐकत आले आहे. म्हणून स्पष्टच लिहिते : होतो. कमी होतो, पण होतो.

यहुदी स्त्रियांत हा कॅन्सर कमी आढळतो, ही नोंद जुनी आहे. त्याचं एक कारण सुंता. सुंता झालेल्या पुरुषांत एचपीव्ही विषाणू कमी सापडतो, असं २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. या विषाणूमुळेच हा कॅन्सर होतो, हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

लागण बहुतेकांना कधी ना कधी होते आणि शरीर ती दोनेक वर्षांत परतवतं. काहींच्या शरीरात मात्र विषाणू ठाण मांडतो. याचं एक कारण जनुकांत आहे. पेशींवरची एचएलए प्रथिनं विषाणूचे तुकडे शरीराच्या पहारेकऱ्यांना दाखवतात. काहींची प्रथिनं हे काम चोख करतात, काहींची कमी. स्वीडनमधल्या १९९९ च्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या आई-बहिणींना धोका जवळजवळ दुप्पट आढळला.

आपल्या लहानशा समाजात पिढ्यान्पिढ्या आपसातच सोयरीक झाली, म्हणून रक्तातच संरक्षण आहे असं काहींना वाटतं. पण एचएलएचा निम्मा संच आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. दोन सख्ख्या बहिणींतही तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मग साऱ्या समाजाला एकच कवच कसं असेल?

त्यापेक्षा तपासणीवर भरवसा ठेवावा. उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. मार्च २०२५ पासून ऑन्टारियोतही पॅपऐवजी हीच तपासणी आहे : २५ ते ६९ वयात, साधारण दर ५ वर्षांनी.

आणखी तीन गोष्टी. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, तर वय कितीही असो, पत्राची वाट न पाहता डॉक्टर गाठा. विषाणू वर्षानुवर्षे लपून राहू शकतो, म्हणून रिपोर्टमध्ये तो निघाला तर नवऱ्यावर संशय नको आणि स्वतःची लाजही नको. आणि सातवीतल्या नातवंडांना शाळेत एचपीव्हीची लस मोफत मिळते, नातीला आणि नातवालाही. सूनबाईंना आठवण करा.

मावशींना मी एवढंच म्हटलं, "पत्र फ्रीजवर चिकटवू नका, उद्याच फोन लावा."

शालोम.