लाकडी विमान आणि सुताराचा मुलगा

गेल्या पंधरवड्यांत वर्गांतील मुलांस बापाचा धंदा विचारला. आमच्या गांवच्या सुताराच्या मुलानें मान खालीं घालून "शेती" असें सांगितलें. त्याच्या घरीं गुंठाभरहि जमीन नाहीं. आणि ज्या बाकावर तो बसला होता, तें त्याच्या बापानेंच केलेलें! लेखणी धरणारा थोर आणि वाकस धरणारा हलका, ही शिकवण त्या पोराला कोणीं दिली? आम्हां मास्तरांनींच दिली. म्हणून दुसऱ्या दिवशीं पुस्तक बाजूला ठेवून मुलांना एका लाकडी विमानाची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढें ठेवतों.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडास विमानांसाठीं धातूची आणि धातुकाम जाणणाऱ्या कारागिरांची फार ओढ लागली. लंडनच्या उत्तरेस हॅटफील्ड येथें डी हॅविलँड नांवाची कंपनी होती. तिनें लाकडाचें लढाऊ विमान करण्याचें मनांत घेतलें. पुष्कळ अधिकाऱ्यांनीं नाकें मुरडलीं. परंतु २५ नोव्हेंबर १९४० रोजीं तें विमान उडालें, आणि पुढें ताशीं चारशें मैलांच्या आसपास वेगानें धांवूं लागलें. नांव ठेविलें मॉस्किटो, म्हणजे डांस.

तें करीत कसें? बर्चच्या पातळ फळ्यांचे दोन थर, आणि त्यांच्यामध्यें बाल्साचें अगदीं हलकें लाकूड. हें सारें सरसानें चिकटवून सांच्यावर दाबून बसवीत. शेंग उभी उकलावी, तशीं विमानाच्या धडाचीं दोन अर्धीं वेगळीं तयार होत. तारा व नळ्या आंत बसविल्या, कीं दोन्ही अर्धीं एकत्र जोडीत.

हें काम कोणाचें? सुताराचें! हाय विकम हें खुर्च्या करणाऱ्यांचें गांव. जवळच्या बीचच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या खुर्चीचे पाय कांतणारीं माणसें राहात. तेथल्या आणि लंडनच्या टेबल-कपाटें करणाऱ्या कारखान्यांकडे विमानाचे भाग आले. डिसेंबर १९४१ च्या कायद्यानें तरुण अविवाहित स्त्रियांसहि युद्धकामास बोलावलें. बायाबापड्या सरस लावूं लागल्या, स्क्रू बसवूं लागल्या. इंग्लंड, कॅनडा व ऑस्ट्रेलिया मिळून अशीं ७,७८१ विमानें झालीं. शेवटचें १९५० सालीं बाहेर पडलें.

आतां दुसरी बाजू सांगितली नाहीं तर ती लबाडी होईल. हींच विमानें १९४३ पासून हिंदुस्थानांत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर येऊं लागलीं. येथला उकाडा आणि पावसाळ्याचा दमटपणा त्यांना सोसेना. कांहींच्या पंखांचे सांधे उकलले, विमानें कोसळलीं, आंतले तरुण मेले. कारणांत हवाहि होती आणि कारखान्यांत सांधे बसवितांना झालेली हयगयहि होती. आरंभीं वापरलेला सरस दुधापासून काढलेला. ओल लागली कीं त्याचा जोर जाई. पुढें रसायनशाळेंतून निघालेला कृत्रिम सरस आला, तो ओलीला अधिक टिकला.

बंधुभगिनींनो, यांतला बोध नीट घ्या. नुसत्या पुस्तकी पंडितानें तें विमान झालें नसतें, कारण लाकडाचा रेषा कोणत्या अंगानें फुटतो हें सुताराच्या बोटांना ठाऊक. आणि नुसत्या हातानेंहि भागलें नाहीं, कारण सरस कां सुटतो हें सांगावयास विद्या लागली. तेथें हात आणि विद्या एका छपराखालीं बसलीं. आमच्या देशांत मात्र त्यांची शेंकडों वर्षें फारकत! ज्याला अक्षर आलें, त्याला रंध्याचा विटाळ. आणि ज्याचा जन्म रंध्याशीं गेला, त्याला अक्षराची बंदी. असल्या घरांत सांधा टिकणार कसा?

कोणी म्हणेल, "मास्तर, आतां तिफणी लोखंडाच्या झाल्या. पोरानें वाकसच धरावा काय?" मुळींच नाहीं. पोरानें खूप शिकावें, इंजिनियर व्हावें, वाटेल तें व्हावें. परंतु बापाची लाज धरून शिकूं नये. जो बाप डोळ्यानें कोन धरतो, त्याच्या पोराला कोनमापक अवघड जावा, हा पोराचा दोष नव्हे. घरची विद्या आणि शाळेची विद्या यांची ओळखच आम्हीं करून दिली नाहीं.

आईबापांना एवढेंच सांगणें: पाहुणे आले म्हणून पटाशी-किकरें कोनांत लपवूं नका. पोर गृहपाठ करीत बसलें, कीं त्याला मापें घ्यावयास हांक मारा; तोहि अभ्यासच आहे. आणि मास्तर-बंधूंनो, महिन्यांतून एक तास गांवच्या कारागिराला वर्गांत उभा करा.

येत्या सोमवारीं त्या मुलाचा बाप आमच्या शाळेंत येणार आहे. चौकट काटकोनांत कशी बसवावी, हें तो दाखवील. तसें कां होतें, हें मी फळ्यावर मांडीन. खुर्चीवर तो बसेल. मी उभा राहीन.