पोचलं ते खोकं, मशीन नव्हे

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आईचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण डॉक्टरांनी बजावलं की सहा महिने कपडे पिळायचे नाहीत. आई-बाबा साताऱ्याला, मी पुण्यात. म्हटलं, गुणी मुलगा होण्याची ही नामी संधी! शुक्रवारी रात्री लॅपटॉप उघडला, तीन तास रिव्ह्यू वाचले, दोन मॉडेल्सची एक्सेलमध्ये तुलना केली (हो, हसा) आणि एक फ्रंट लोड वॉशिंग मशीन ऑर्डर करून टाकलं. बाबा म्हणत होते, "अरे, पोवई नाक्यावरून घेऊ की, दुकानदार ओळखीचा आहे." तिथे भाव अडीच हजारांनी जास्त होता. मी बाबांना बाजारपेठ आणि स्पर्धा ह्या विषयावर दहा मिनिटं लेक्चर दिलं.

ते लेक्चर मागे घ्यायला हा लेख लिहितोय.

मंगळवारी मशीन साताऱ्याला पोचलं. मी हापिसात स्टँडअप मीटिंगमध्ये. डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन आला, "सर, ओटीपी सांगा." सांगितला. खोक्याला साधं बोटही न लावता, शंभर किलोमीटरवरून. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की अधिकृत टेक्निशियन येईपर्यंत उघडू नका. ह्यात चूक काही नाही. फ्रंट लोड मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून मागून बोल्ट लावलेले असतात, ते न काढता मशीन चालवलं तर त्याची वाट लागते. त्यामुळे खोकं तसंच हॉलमध्ये उभं. बाबांनी त्यावर फुलदाणी ठेवली.

तीन दिवसांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. साताऱ्याला आमचा माणूस बुधवारी येतो. बुधवारी आला नाही, दिवाळीची सुट्टी. आला तो शनिवारी, म्हणजे अकराव्या दिवशी. खोकं उघडलं, मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, "काका, आतला काँक्रीटचा ब्लॉक तुटलाय. कुठेतरी आपटलंय हे." (फ्रंट लोडमध्ये मशीन नाचू नये म्हणून वजनाला काँक्रीटचा ठोकळा असतो.) "हे ट्रान्झिट डॅमेज. कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही. जिथून घेतलंत त्यांना सांगा."

जिथून घेतलं त्यांना सांगितलं. उत्तर आलं, रिप्लेसमेंटची मुदत दहा दिवस होती, ती काल संपली. कृपया कंपनीशी संपर्क साधा. कंपनी म्हणाली, विक्रेत्याशी बोला. विक्रेता कोण? बिल काढून पाहिलं तर मी जन्मात न ऐकलेल्या कुठल्यातरी फर्मचं नाव, पत्ता परराज्यातला. कुरिअर म्हणालं, ओटीपी देऊन माल सुस्थितीत स्वीकारला गेला आहे. आणि प्रत्येक फोननंतर मला मेसेज, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आम्हाला पाच स्टार द्याल का?"

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रकार ओळखीचा आहे, कारण आपण तो बनवतो. ह्याला रेस कंडिशन म्हणतात. एक घड्याळ ओटीपी दिल्याक्षणी सुरू होतं, ते संकेतस्थळाचं. दुसरं घड्याळ टेक्निशियन दारात येईपर्यंतचं, ते कंपनीचं, आणि त्याला वरची मर्यादाच नाही. पहिलं दुसऱ्यासाठी थांबत नाही. गिऱ्हाईकाला मात्र दोन्हीच्या मध्ये खोकं उघडायची बंदी. असा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला तर पहिल्या वाचनात परत जाईल. दुरुस्तीही एका ओळीची आहे: मुदत डिलिव्हरीपासून नको, इन्स्टॉलेशनपासून मोजा. ती तारीख कंपनीच्या सिस्टीममध्ये नोंदलेली असते, वॉरंटीसाठी लागते म्हणून.

मग ही दुरुस्ती होत का नाही? आधी मला वाटायचं, कुणाच्या लक्षात आलं नसेल. आता वाटत नाही. ज्या बगमुळे परत येणारा माल कमी होतो तो बग कुठल्याच स्प्रिंटमध्ये घेतला जात नाही.

जबाबदारीचे तुकडे मुळात का झाले हेही बघण्यासारखं आहे. आपल्याकडे परदेशी गुंतवणूक असलेल्या संकेतस्थळाला स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही, फक्त बाजार भरवता येतो. २०१६ च्या सरकारी धोरणात स्पष्ट म्हटलंय की माल पोचवणं, ग्राहकाचं समाधान आणि वॉरंटी ही सगळी विक्रेत्याची जबाबदारी. हेतू छोट्या दुकानदारांना वाचवण्याचा. प्रत्यक्षात काय झालं? जाहिरात संकेतस्थळाची, पैसे संकेतस्थळाकडे, भरवसाही संकेतस्थळावर, आणि भांडायची वेळ आली की पुढे तो बिलावरचा अनोळखी विक्रेता.

पण कायदा एवढ्यावर थांबत नाही, आणि हे आपल्याला कुणी सांगत नाही. जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम काढून वाचा. माल सदोष असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. त्या कलमात 'दहा दिवस' हे शब्द कुठेही नाहीत, ते संकेतस्थळाने स्वतःच्या पानावर लिहिलेले आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, हेही त्याच नियमांत आहे. आणि "आम्ही फक्त मध्यस्थ" हे पालुपद प्रत्येक वेळी चालतंच असं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बीआयएसच्या सक्तीच्या निकषात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर विकले गेले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका बड्या संकेतस्थळाला १ लाखाचा दंड ठोठावला. प्राधिकरणाचं म्हणणं साधं होतं: प्रत्येक विक्रीमागे कमिशन घेता, मग हात कसे झटकता?

माझंही काम शेवटी असंच झालं. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नियमाचा हवाला देऊन तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकली, आणि ऑर्डर केल्यापासून एक्केचाळिसाव्या दिवशी पैसे परत आले. मित्र म्हणाले, जिंकलास लेका! कसलं डोंबलाचं जिंकलो. मधल्या काळात एका रविवारी घरी फोन केला तर मागे नळाचा आवाज. बाबा म्हणाले, "आई एका हातानं घासते, मी पिळतो." बाबा बाहत्तर वर्षांचे आहेत. आणि मी ज्या इंग्रजी मेल लिहिल्या त्या बाबा लिहू शकले असते का? नसते. त्यांच्यासारख्या ग्राहकाचे पैसे गेलेच असते.

आता कुणी म्हणेल, दुकानदार काय संत असतात का? अजिबात नाही. ज्या ब्रँडवर जास्त कमिशन तोच गळ्यात मारतात, पक्कं बिल मागितलं की भाव वाढतो. बाबांनी नंतर पोवई नाक्यावरूनच मशीन घेतलं तेव्हा तिथला पोरगा स्टँड विसरून आला होता. पण संध्याकाळी बाबा दुकानात जाऊन उभे राहिले आणि स्टँड आलं. त्या अडीच हजारांत ही सोय होती. मी ज्याला डिस्काउंट समजलो ती ह्या जबाबदारीची किंमत होती, ती वजा करून माल मला मिळाला आणि जबाबदारी माझ्याकडे आली.

तरीही ऑनलाइन घेणारच असाल (मीही मिक्सर, इस्त्री घेत राहीन) तर एवढं करा:

१. खोकं आपटलेलं, चेपलेलं दिसलं तर ओटीपी देऊच नका. घरच्यांनी बघितल्याशिवाय लांबून तर मुळीच नाही.

२. ऑर्डर करायच्या आधी विक्रेत्याचं नाव वाचा आणि तुमच्या गावात कंपनीचा माणूस कधी येतो ते सर्व्हिस सेंटरला विचारा.

३. टेक्निशियन मुदतीत येत नसेल तर मुदत संपायच्या आधीच लेखी तक्रार करा. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा.

४. सेलमधल्या एसीवरचे स्टार मोजण्याआधी लेबलवरचा कालावधी बघा. जुलै २०२२ मध्ये निकष बदलले तेव्हा कालचा पाच स्टार एसी चार स्टारचा झाला होता.

५. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच दावा लावता येतो, विक्रेता कुठलाही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

पण ह्या पाच गोष्टी ग्राहकाने कराव्या लागतात हीच मुळात बोंब आहे. आपल्यातले कितीतरी जण ह्याच कंपन्यांत काम करतात. पुढच्या प्लॅनिंग मीटिंगमध्ये कुणीतरी एवढं विचारा की हे घड्याळ इन्स्टॉलेशनपासून का सुरू होत नाही. जे उत्तर मिळेल ते मला ऐकायचंय.

असो. आईचं मनगट आता बरं आहे. मशीनवर बाबांनी फुलदाणी परत ठेवली होती, स्पिनमध्ये ती पडून फुटली. त्याची तक्रार मात्र कुठेच केलेली नाही.