तळ्यात, मळ्यात, ताटात

‘मावशी, समुद्रातलाच आहे ना?’ फिश मार्केटमध्ये हा प्रश्न आपण अगदी एक्स्पर्टच्या थाटात विचारतो. मावशी ‘हो’ म्हणाल्या की खूश! समुद्रातला म्हणजे चविष्ट, नॅचरल. आणि तळ्यातला? मातकट, कसलं कसलं खायला घालून फुगवलेला. विषय संपला.

खरंच? मग शुक्रवारी रात्री हॉटेलात मागवलेला बासा कुठला होता? मेकाँग नदीच्या खोऱ्यातली ही जात, पण प्लेटमध्ये येते ती तळ्यात वाढून. सुशीवरचा अटलांटिक सामन? बहुतेक सगळा फार्मचाच. सुपरमार्केटमधली फ्रोजन कोळंबी? बऱ्याचदा वनामेई, २००९ पासून तिची शेती भारतात सुरू झाली आणि आंध्र प्रदेश त्यात सगळ्यात पुढे. ‘एफएओ’चा २०२४ चा रिपोर्ट सांगतो की, २०२२ मध्ये जगात पहिल्यांदाच पकडलेल्या जलचरांपेक्षा वाढवलेले जास्त भरले. तब्बल ९.४४ कोटी टन! म्हणजे नाक मुरडता मुरडता आपण ते खातोच आहोत.

आता गंमत बघा. अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेताजवळच्या तळ्यात जिताडा वाढवतात. तोही पाळलेलाच की! पण खास पाहुण्याच्या पानात तो पडला, तर पाहुणा मान मिळाल्यासारखा खूश होतो. का? कारण तळं कोणाचं, पाणी कुठलं, हे यजमानाला ठाऊक असतं. थोडक्यात, आपला राग तळ्यावर नाहीच, अनोळखी तळ्यावर आहे.

आणि तो राग अगदीच चुकीचा नाही. दाटीवाटीने वाढवलेल्या कोळंबीत रोग झपाट्याने पसरतो, मग औषधांचा मोह होतो. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या अँटिबायोटिक्सवर आपल्याकडे बंदी आहे. निर्यातीच्या मालात त्यांचे अंश सापडले, तर परदेशात तो अडवला जातो. कारण तिथला खरेदीदार तपासतो, हिशोब मागतो. आपण मात्र समुद्रातला की तळ्यातला, एवढ्यावरच थांबतो. समुद्रातलाही चार-पाच दिवस नीट बर्फाशिवाय फिरलेला असू शकतो, हे सोयीस्करपणे विसरून!

तेव्हा पुढच्या वीकेंडला प्रश्न जरा बदलून बघा. कुठून आला? कधी आला? पाकीट असेल तर उलटून बारीक अक्षरं वाचा. हॉटेलात ‘कॅच ऑफ द डे’ लिहिलेलं असेल, तर वेटरला विचारा, ‘कुठला कॅच?’ तो गोंधळेल, आत जाऊन विचारून येईल. येऊ दे. दहा टेबलांवरून हाच प्रश्न आला, की आतल्यांनाही उत्तर शोधून ठेवावंच लागेल.