केबिनमधली कॉफी, हॉस्टेलमधली केटल

रिद्धपूरपासून समुद्र सहा-सातशे किलोमीटर लांब. तरी क्रूझच्या रील्स तुमच्या मोबाईलवर रोज येतच असतात. बाल्कनीत उभं राहायचं, मागे निळं पाणी, हातात कॉफीचा मग, खाली एखादं गाणं. आता तर हे सगळं आणखी जवळ आलंय. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरात नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला १० लाख प्रवासी आणि एका वेळी ५ जहाजं, अशी त्याची क्षमता सांगितली जाते. त्याच्या एक वर्ष आधी, ३० सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारनं ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केलं होतं. २०२९ पर्यंत देशातले क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

म्हणजे येत्या काही वर्षांत तुमच्यापैकी कुणी प्रवासी म्हणून जहाजावर चढेल, कुणी कामाला म्हणून. आणि चढताना बॅग तपासली जाईल तेव्हा एक गोष्ट हमखास बाजूला काढली जाईल. इलेक्ट्रिक केटल, नाहीतर छोटा कॉफी मेकर.

काहून बा? लाखाचं तिकीट काढलेल्या माणसाला खोलीत स्वतःची कॉफी का करता येऊ नये? प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याचं उत्तर शोधत गेलं की ते थेट तुमच्या हॉस्टेलच्या खोलीत येऊन पोचतं.

समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही

पहिलं कारण सरळ आहे. गावात आग लागली तर माणसं बाहेर पळतात. जहाजावर ‘बाहेर’ म्हणजे पाणी. त्यामुळे जहाजबांधणीचे आणि जहाजावरच्या वागणुकीचे निम्मे नियम आगीभोवती फिरतात. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडालं, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं इंग्रजी लघुनाव ‘सोलास’. आज त्याची १९७४ ची आवृत्ती चालते आणि प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर तिच्यात भर पडत आलीय.

२००६ च्या मार्चमधलं ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाचं उदाहरण घ्या. कॅरिबियन समुद्रात पहाटे एका बाल्कनीत आग लागली. तपासात बोट दाखवलं गेलं ते न विझवता टाकलेल्या सिगारेटकडे. बाल्कन्यांमधले प्लास्टिकचे आडपडदे पेटत गेले, शेकडो खोल्यांना झळ बसली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. सिगारेटच्या एका थोटकानं एवढं होऊ शकतं, तर चालू राहिलेल्या हीटिंग कॉइलनं काय होईल, याचा हिशेब जहाज कंपन्या सतत मांडत असतात. म्हणून रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांच्या मनाईच्या यादीत कॉफी मेकर, इस्त्री, हॉट प्लेट एका रांगेत दिसतात. तिघांत एकच गोष्ट सारखी आहे. तापणारी तार.

तिथे महावितरण नाही

दुसरं कारण विजेचं. जहाज आपली वीज आपणच तयार करतं. मुंबईहून फिरलेलं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे जहाज घ्या. १९९० मध्ये बांधलेलं, खोल्या सुमारे ८००. समजा, प्रत्येक खोलीत १२०० वॉटचं एक कॉफी मशीन आहे आणि सकाळी आठला सगळ्यांना एकदमच कॉफी हवी झाली. ८०० गुणिले १२०० म्हणजे ९६० किलोवॉट, जवळजवळ एक मेगावॉट. फक्त कॉफीला! २०२४ मध्ये आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर २,८०५ खोल्या आहेत. तिथे हाच आकडा ३.३ मेगावॉटच्या पुढे जातो. सगळे एकाच मिनिटाला बटण दाबणार नाहीत हे खरं. पण कुणी काय लावलंय हेच माहीत नसेल, तर भाराचा अंदाज बांधायचा कसा?

तिसरं कारण एक्स्टेन्शन बोर्डाचं. सर्ज प्रोटेक्टर लावलेला बोर्ड घरात सुरक्षित मानला जातो. जहाजावरची वायरिंग मात्र घरासारखी अर्थ केलेली नसते. तिथे तोच बोर्ड तापून पेटू शकतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलानं याबद्दल जहाजांना मुद्दाम इशारा दिला होता. घरात जे चांगलं, ते दुसऱ्या जागी चांगलं असेलच असं नाही, एवढं यातून घ्या.

मग इंग्रजांना केटल कशी चालते?

इथे गोष्ट मजेशीर होते. ‘पी अँड ओ क्रूझेस’ ही ब्रिटिश प्रवाशांसाठीची कंपनी. तिच्या खोल्यांमध्ये केटल, चहाच्या पुड्या, कॉफी हे सगळं कंपनीच ठेवते. ही कंपनी आणि ‘स्टार प्रिन्सेस’वाली प्रिन्सेस कंपनी, दोन्ही एकाच कार्निव्हल समूहाच्या. समुद्र तोच, ‘सोलास’ तोच, मालकही तोच. तरी एकीकडे केटल बॅगेतून काढून घेतात आणि दुसरीकडे टेबलावर मांडून ठेवतात.

याचा अर्थ केटल मुळातच वाईट, असं नाही. प्रश्न आहे तो केटल कुणाची, याचा. कंपनीनं ठेवलेली केटल एकाच बनावटीची, आपोआप बंद होणारी. तिची जागा ठरलेली, तिचं सॉकेट त्या भाराला पुरेल असं आणि एकूण किती आहेत याची नोंद. तुमच्या बॅगेतल्या केटलचं यातलं काहीच ठाऊक नसतं. वायर किती जुनी, थर्मोस्टॅट चालतो का, बाजारातून दोनशे रुपयांत आणलीय का, कोण सांगणार?

आणि इंग्रज माणूस उठल्या उठल्या चहा पिणारच, हे कंपनीनं मान्य केलंय. बंदी घातली तर तो लपवून केटल आणेल. त्यापेक्षा आपणच चांगली दिलेली बरी. बंदी घालणाऱ्या कंपन्यासुद्धा हात झटकत नाहीत. डेकवरच्या बुफेत साधी कॉफी तिकिटातच मिळते. गरज मान्य करायची आणि ती सुरक्षित जागी भागवायची, असा हा व्यवहार आहे.

यात पैशाचा भाग नाही असं समजू नका. साधी कॉफी तिकिटात, पण कॅपुचिनो-लाटे बहुतेक ठिकाणी वेगळ्या पैशाचे. काही कंपन्या महागड्या सूटमध्ये कॅप्सूलवालं मशीन देतात, स्वस्त खोलीत देत नाहीत. आगीचा धोका भाड्याप्रमाणे बदलत नाही. सोय मात्र बदलते. म्हणून कुणी ‘सुरक्षेसाठी’ असं म्हटलं की मान डोलवा, पण एक प्रश्न खिशात ठेवा. यात सुरक्षा किती आणि धंदा किती?

आता या रिद्धपूरला

रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते इथेच. त्याच गावात राज्याचं मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय. म्हणजे इथे बाहेरगावची पोरं-पोरी राहायला येणार, खोल्या भाड्यानं घेणार, हॉस्टेलं होणार. अमरावती-अकोल्यात तर ती आहेतच. आणि हॉस्टेल म्हटलं की रेक्टरच्या नोटीसबोर्डावर एक ओळ असतेच, ‘खोलीत केटल, हीटर, इंडक्शन वापरण्यास सक्त मनाई आहे.’

ही ओळ चुकीची नाही. गणित करून बघा. खोलीतलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं. २३० व्होल्टला ते जास्तीत जास्त १,३८० वॉट झेपवतं. तुमची केटल १,५०० वॉटची, म्हणजे साडेसहा अँपिअर. एकटी केटलच मर्यादा ओलांडते. त्याच बोर्डावर थंडीत आंघोळीच्या पाण्याचा १,५०० वॉटचा रॉड लावला की १३ अँपिअर, सॉकेटच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त. आणि वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट तर उष्णता चौपट. बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं, करपल्यासारखा वास येतो, तो याच्यामुळे.

विजेच्या आगीची किंमत विदर्भानं मोजलेली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. २०१९ मध्ये सुरतच्या तक्षशिला इमारतीत आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास चालू होता. २२ जण गेले, बहुतेक तुमच्याच वयाचे. दोन्ही ठिकाणी बाहेर पडायच्या वाटेचा आणि तयारीचा प्रश्न नंतर विचारला गेला. तो आधी विचारायचा असतो.

तेव्हा रेक्टरचा मुद्दा बरोबर आहे. पण तो अर्धाच आहे. परीक्षेच्या दिवसांत रात्री एक वाजता पोराला चहा लागणार, हे सगळ्यांना माहीत आहे. मेस रात्री नऊला बंद. टपरी गेटच्या बाहेर, आणि गेटला कुलूप. मुलींच्या हॉस्टेलला तर ते आणखी लवकर. डिसेंबरात गरम पाणी नाही. मग काय होतं? बंदी कागदावर राहते, रॉड गादीखाली राहतो. रेक्टरचा राउंड आला की गरम केटल कपाटात, कपड्यांच्या ढिगात लपवली जाते. म्हणजे उघड्यावर होती त्यापेक्षा जास्त धोक्याच्या जागी. नुसत्या बंदीनं धोका कमी होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

जहाज कंपन्यांनी जे केलं ते हॉस्टेलला जमणार नाही का? प्रत्येक मजल्यावर एक पॅन्ट्री, तिच्यात १६ अँपिअरचं सॉकेट, वेगळा एमसीबी, आपोआप बंद होणारी एक मोठी केटल आणि भिंतीवर आग विझवायचं सिलिंडर. पाण्यासाठी गच्चीवर सोलर. यातलं काहीच परग्रहावरचं नाही. उपकरणं जप्त करून दंड घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

नोटीस कुठल्या भाषेत?

आणखी एक गोष्ट, खास रिद्धपूरच्या पोरांसाठी. एप्रिल १९९० मध्ये ‘स्कॅन्डिनेव्हियन स्टार’ या जहाजाला आग लागली आणि १५९ माणसं मेली. आग मुद्दाम लावलेली होती. पण इतकी माणसं का गेली, हे शोधताना पुढे आलं की कर्मचारी नवे होते, सराव झालेला नव्हता, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना प्रवाशांची भाषा येत नव्हती. धुरात ‘इकडून या’ एवढं सांगायलासुद्धा शब्द नव्हते. त्यानंतर नियम कडक झाले. जुन्या प्रवासी जहाजांनाही टप्प्याटप्प्यानं स्प्रिंकलर बसवावे लागले. आज प्रत्येक जहाजाला कामाची एक भाषा ठरवून नोंदवावी लागते.

म्हणजे भाषासुद्धा अग्निशमनाचं साधन आहे. आता तुमच्या कॉलेजात लावलेलं सिलिंडर जवळून वाचा. सूचना बहुतेक इंग्रजीत असतील. मराठीत असल्या तरी ‘सदर उपकरण कार्यान्वित करण्यापूर्वी’ अशा थाटात. पेटलेल्या पडद्यासमोर एवढं वाक्य कोण वाचेल? ‘पिन काढा. नळी आगीच्या बुडाशी धरा. दांडा दाबा.’ एवढं पुरतं. मराठी ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात झाली, आनंदच आहे. पण तिचं मोठेपण अशा तीन वाक्यांतही दिसलं पाहिजे. मराठी विद्यापीठात शिकणाऱ्यांनी हे काम अंगावर घ्यायला काय हरकत आहे?

ट्रेच्या पलीकडची बाजू

तुमच्यातले काही हॉटेल मॅनेजमेंट करून जहाजावर जायचं म्हणताहेत. तेव्हा हे ध्यानात ठेवा. खोलीतला कॉफीचा मग रोज कुणीतरी धुतो, मशीन पुसतो. ते ‘कुणीतरी’ कदाचित तुम्हीच असाल. आणि तुमचं काम हाउसकीपिंगचं असलं तरी आग विझवण्याचं मूलभूत प्रशिक्षण घ्यावंच लागतं. त्याशिवाय जहाजावर घेत नाहीत. भरती करणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो. त्याचा नंबर सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्याला परवानगी नाही. कुणी ‘दोन लाख दे, क्रूझवर लावतो’ म्हणाला, तर त्या टेबलावरून उठा.

आज संध्याकाळी एवढंच करा. खोलीतला बोर्ड हातानं चाचपून बघा, गरम लागतो का. सॉकेटवर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. केटलच्या बुडाशी वॉट लिहिलेले असतात, भागाकार करा. आकडा बसत नसेल तर केटल वापरू नका. आणि मग चार-पाच जण मिळून रेक्टरकडे जा. ‘बंदी उठवा’ म्हणून नका जाऊ. ‘पॅन्ट्री द्या, आम्ही केटल जमा करतो’ असं लिहून न्या, खाली सह्या करून. असा अर्ज नाकारणं कुणालाही जड जातं.