माझ्यानंतर याचं कोण?

मागच्या जुमेरातीला उत्तनला जाणं झालं. चौकच्या दर्ग्याच्या पायऱ्यांवर एक आपा भेटल्या. त्यांच्या ओढणीचं टोक मुठीत धरून चोवीस-पंचवीस वर्षांचा त्यांचा मुलगा बसला होता. आपा उठल्या की तो उठायचा, बसल्या की बसायचा. ही सहावी जुमेरात, असं त्या म्हणाल्या. शेजारणींनी सांगितलं होतं, पोराला काहीतरी लागलंय, सात जुमेराती करा.

मी विचारलं, "आपा, हा कधीपासून असा आहे?"

"जन्मापासूनच, बाजी. चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा. शाळेत दोन वर्षं गेला, मग त्यांनीच म्हटलं, आणू नका."

वाचक भगिनींनो, इथेच आपल्या बहुतेक घरांची गल्लत होते. दोन वेगळ्या गोष्टी आपण 'डोक्यात फरक' या एकाच शब्दात गुंडाळतो. या मुलाची समज लहानपणापासून हळू वाढली. हा आजार नाही, त्यामुळे तो औषधाने 'बरा' होत नाही आणि झाडफुंकीनेही नाही. पण शिकवलं तर असं मूल पुष्कळ काही शिकतं. मानसिक आजाराचं तसं नाही. चांगला शिकलेला, कमावता माणूसही अचानक कानात आवाज येतात म्हणू लागतो, झोप उडते, घरच्यांवर संशय घेतो. त्याला डॉक्टर आणि औषध लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

आमच्याच नात्यातल्या एका मुलाची दोन वर्षं तावीज बांधण्यात गेली. मग ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेलं. १९०१ सालापासूनचं हे सरकारी रुग्णालय. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून औषध घेऊन घरी येता येतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. 'ठाण्याला नेलं' म्हणजे कायमचं कोंडलं, असंच सगळे समजत होतो. तो आज दुकानावर बसतो. मध्ये एकदा बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद केल्या आणि सगळं परत पहिल्यापासून आलं, हेही सांगते.

दुआ करू नका असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण तामिळनाडूतलं एरवाडी आठवा. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्णगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. २८ जण जळून गेले. उलट गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात पुढे मुजावरांनाच प्रशिक्षण दिलं गेलं. दुआसाठी आलेल्यांना ते तिथल्याच डॉक्टरकडे पाठवू लागले. आपल्या दर्ग्यांच्या विश्वस्तांनी हे करायला काय हरकत आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला साफ मनाई केली आहे, मग ते रुग्णालय असो की दुसरी कुठली जागा.

आपांचं खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. मुलाच्या नावावर वडिलांनी थोडे पैसे ठेवलेले. वडील गेले. बँकेत सांगितलं, मुलगा सज्ञान आहे, त्याचीच सही पाहिजे. त्याला सही येत नाही. "माझ्यानंतर याचं कोण, बाजी?"

अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने आई-वडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांना हा कायदा लागू आहे. मानसिक आजाराला नाही. आई-वडील, नातेवाईक अर्ज करू शकतात, आणि पालकाला मालमत्तेचा हिशेबही द्यावा लागतो. सूरह निसाच्या सुरुवातीलाच नासमजांच्या मालाबद्दल ताकीद आहे: माल त्यांच्या हाती सोपवू नका, पण त्यातून त्यांना खाऊ घाला, कपडे द्या, आणि त्यांच्याशी नीट बोला. शेवटची अट आपण सोयीने विसरतो.

त्याआधी सरकारी रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड हवं. ते हाती आलं की संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात आणि 'निरामय' आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. निरामयमध्ये वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. हे सगळं सांगायला सोपं. उत्तनहून बसने भाईंदर, पुढे घोडबंदर रोडने ठाणं, रांग, परत. आपांचा एक रोज बुडतो, आणि मुलाला घरी एकटं सोडता येत नाही. मोहल्ल्यातला एखादा शिकलेला मुलगा बरोबर गेला तरी निम्मं ओझं उतरतं. मानसिक आजाराबद्दल विचारायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात.

बदलापूरची 'आधार' संस्था अशाच, 'आपल्यानंतर काय' म्हणणाऱ्या पालकांनी प्रौढ मुलांच्या कायमच्या निवासासाठी उभी केली. मी नाव घेतलं, तर आपा म्हणाल्या, "इतक्या लांब? मला रोज बघायला नको का?" त्यांचंही खरं होतं. गावातच दिवसभराची एखादी जागा हवी, चार मुलं, एक शिकवणारी बाई, हाताला काम.

काम तर तो करतो. निघताना आपा मला समुद्राकडे घेऊन गेल्या. शेजारच्या कोळीणबाईंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. मुलाने पहिल्यांदाच ओढणी सोडली, टोपलीतून दोन बोंबील उचलले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि जोडी बांबूवर टाकली. मग दुसरी. कोळीणबाई म्हणाल्या, "याची जोडी कधी पडत नाही."

"मजुरी देता का?" मी विचारलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. सातव्या जुमेरातीच्या आदल्या दिवशी आपांचा फोन आला. दाखल्यासाठी पुढच्या महिन्याची तारीख मिळाली होती, आणि कोळीणबाईंनी त्याला त्या दिवशी पन्नास रुपये दिले होते. नोट त्याने उशीखाली ठेवली आहे, कुणाला हात लावू देत नाही.