नाणी पाडली, पण बाजारात आणलीच नाहीत!



"सर, माल तयार आहे, आता फक्त विकायचाय." हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. का, ते एका नाण्याच्या गोष्टीतून सांगतो.

गोष्ट अमेरिकेची. 1973 मध्ये तांबं इतकं महागलं, की एका सेंटच्या नाण्यातला धातूच सेंटपेक्षा महाग पडेल अशी भीती तिथल्या टांकसाळीला वाटली. उपाय निघाला अ‍ॅल्युमिनियमचा. हलकं आणि स्वस्त! 1974 साल घालून अशी 14 लाखांहून जास्त नाणी पाडली. काही नमुने खासदारांच्या हातातही दिले.

मग तक्रारी सुरू झाल्या. व्हेंडिंग मशीनवाले म्हणाले, हे नाणं आमच्या मशीनमध्ये अडकेल. मुलांचे डॉक्टर म्हणाले, पोरानं गिळलं तर एक्स-रेमध्ये नीट दिसणार नाही. तेवढ्यात तांब्याचा भावही उतरला. नाणं रद्द! जवळजवळ सगळी नाणी वितळवली. मोजकीच उरली, त्यातलं एक स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

लोक याला फजिती म्हणतात. माझ्या मते ती अर्धीच फजिती. चूक एवढीच, की प्रश्न विचारायला 14 लाख नाणी लागत नाहीत. पण "एवढी पाडलीत, आता खपवूच" असा हट्ट त्यांनी केला नाही. आणि अडचण खरी होती म्हणून विषय सोडलाही नाही. 1982 मध्ये वरून तांब्याचा मुलामा दिलेलं जस्ताचं नाणं आणलं, आणि ते चाललं.

आता तुमच्याकडे येऊ. समजा, तुम्ही मसाले विकणार आहात. 5,000 पाऊच छापून घेण्याआधी साधी 50 पाकिटं भरा. घरच्यांना विचारू नका, ते छानच म्हणणार! दुकानदाराला द्या. पाकीट उभं राहतं का? पंधरा दिवसांत गळतं का? किंमत पटकन दिसते का? लक्षात घ्या, नाणं नापसंत करणारे मशीनवाले काही शेवटचे ग्राहक नव्हते, ते मधले होते. आपण नेमकं त्यांनाच विचारायचं विसरतो.

आणि उत्तर "नाही" आलं, तर 50 पाकिटांचा खर्च ही फी समजा. 5,000 पाऊच पडून राहिले, तर ते तुमचं भांडवल असतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा माल ज्यांच्या हातून जातो अशा तीन जणांची नावं लिहा आणि त्यांना भेटा. ऑर्डर त्यानंतर!